पहिली सांडशी: आपापले अनुभव

लोहारकाम हौसेने शिकू पाहणाऱ्याची पहिली अडचण अशी, की तापलेले लोखंड धरायला सांडशी लागते आणि सांडशी घडवायची तर तापलेले लोखंड धरावे लागते. तयार सांडशी विकत घेऊन हा पेच सुटतो. पण ज्यांनी पहिली सांडशी स्वतःच घडवली, त्यांनी ती कशी घडली, कुठे बिघडली आणि आज ती कामात आहे की भंगारात, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

पुण्याच्या जुन्या बाजारातून रेल्वे रुळाचा हातभर तुकडा ऐरण म्हणून आणला, ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी केली आणि तिच्या तळाच्या पाइपाला, घरच्यांच्या परवानगीशिवाय, हेअर ड्रायर जोडला. माल म्हणून १६ मिलिमीटर जाडीचे, मीटरभर लांबीचे दोन चौकोनी गज घेतले. गज एवढा लांब असला की एक टोक लाल-पिवळे होईपर्यंत दुसरे टोक हातमोज्यात धरता येते, आणि तुकडा अगदी शेवटी छिन्नीने तोडायचा असल्यामुळे वरचा पेच आपोआप सुटतो.

खरे काम तीन बैठकींचे, म्हणजे ऐरणीच्या कडेवर लोखंड तीनदा ठोकून बसवण्याचे, आहे. गजाचे टोक तापवून त्याचा सुमारे ३ सेंटिमीटर भाग ऐरणीच्या कडेवर ठेवायचा आणि घाव असा घालायचा, की हातोड्याचे अर्धे तोंड ऐरणीवर आणि अर्धे बाहेर राहील. त्याने सांडशीचे तोंड चपटे होते आणि मागे एक पायरी उरते. मग गज पाव वळसा फिरवून, थोडा पुढे सरकवून रिव्हेटची, म्हणजे सांडशीचे दोन अर्धे जोडणाऱ्या खिळ्याची, जागा बसवायची आणि पुन्हा पाव वळसा फिरवून तिच्यामागे दांडा सुरू करायचा. हे दोन्ही वळसे एकाच दिशेने घ्यायचे असतात. मी पहिला अर्धा डावीकडे वळवत घडवला आणि दुसऱ्याच्या वेळी, जोडी म्हणजे आरशातल्यासारखी असणार असे गृहीत धरून, उजवीकडे वळवला. चार तासांनंतर दोन्ही अर्धे एकमेकांवर ठेवले, तेव्हा ते कोणत्याच बाजूने जुळेनात. नमस्कारात जुळणाऱ्या हातांपैकी एक डावा आणि एक उजवा असतो. सांडशीचे अर्धे मात्र हस्तांदोलन करणाऱ्या दोन माणसांच्या हातांसारखे, दोन्ही उजवे असावे लागतात. म्हणजे एकच अर्धा दोनदा घडवायचा, एवढेच ते गुपित होते. पुढच्या रविवारी त्यांपैकी एकाला जोडीदार मिळाला; दुसरा अजून खिळ्याला टांगलेला आहे आणि एखाद्या डावखुऱ्या लोहाराची वाट पाहत आहे.

सांगली जिल्ह्यातून

आमच्या आजोबांची लोहारसाळ होती आणि भिंतीवर पंधरा-वीस सांडशा तरी असत. पट्टी धरायची वेगळी, गज धरायची वेगळी, नांगराच्या फाळाची तर वीतभर रुंद तोंडाची. लहानपणी मला भाता ओढण्यापलीकडे काही करू दिले गेले नाही, त्यामुळे पहिली सांडशी मी चाळिशीत, त्यांच्याच ऐरणीवर, पण त्यांच्या पश्चात घडवली. दिसायला ती बरी झाली. मात्र तिने धरलेली पट्टी पहिल्याच घावाला गरकन फिरली आणि माझ्या पायाजवळ पडली. कारण शोधायला मी आजोबांची एक सांडशी उजेडासमोर धरून पाहिली. तिच्या तोंडाच्या दोन्ही पाती मापाच्या पट्टीवर पूर्ण लांबीभर टेकत होत्या, तर माझ्या सांडशीच्या केवळ टोकाशी.

उपाय सोपा निघाला. सांडशीचे तोंड सांध्यापर्यंत लाल करायचे, जी पट्टी पुढे धरायची आहे तिचा थंड तुकडा त्यात घालायचा, आणि तोंड त्यावर हातोड्याने बसवून घ्यायचे. त्याच वेळी दांड्यांमध्ये बोटभर जाडीचा लाकडी ठोकळा ठेवायचा, म्हणजे पकडलेल्या स्थितीत दांडे मुठीत सुखाने मावतील एवढेच अंतर राहते. आजोबा नव्या कामासाठी नवी सांडशी क्वचितच करत. जुनीचेच तोंड असे पुन्हा बसवून घेत, हे मला तेव्हा उमगले. दांड्यांवर ते एक लोखंडी कडी सरकवून ठेवत, म्हणजे काम लांबले तरी मूठ आवळून धरावी लागत नसे. ती कडी मी आजही वापरतो.

रत्नागिरीहून

आमच्याकडे नारळाच्या करवंट्यांचा कोळसा मुबलक असल्याने भट्टीचा खर्च नाही. पण तो भराभर जळतो आणि हवा जरा जास्त झाली की ठिणग्यांची कारंजी उडवतो. माझी पहिली सांडशी चार महिने चालली आणि एके दिवशी तिचे अर्धे तोंड तापलेल्या तुकड्यासह खाली पडले. तुटलेली जागा पाहिली, तर आतला बराचसा भाग जुना, काळा होता. म्हणजे चीर पहिल्या दिवसापासूनच होती. माझ्या ऐरणीची कड सुरीसारखी धारदार होती, त्यामुळे तोंडाच्या मुळाशी घाव घालताना लोखंड वळण्याऐवजी कापले गेले आणि घडी पडून तिच्यावरच मी ठोकत राहिलो. आता ऐरणीच्या एका कडेचा हातभर भाग मी ग्राइंडरने ३-४ मिलिमीटर गोलावून घेतला आहे. आतल्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसली, तरी ती ताबडतोब कानशीने साफ करतो; तिच्यावर घाव घालत नाही.

नाशिकहून, एका आयटीआयमधील निवृत्त निदेशकांचा अनुभव

मुले भंगारातून काय उचलून आणतात, यावर माझी अर्धी नोकरी गेली. बांधकामाची टीएमटी सळई फुकट मिळते म्हणून आणतात. तिच्या अंगावरच्या रेघा नीट न विरघळता घावाखाली दुमडतात आणि वर सांगितलेल्या चिरा तिथेच जन्म घेतात. गाडीच्या स्प्रिंगचा पाटा कोयत्याला उत्तम, कारण त्यात कार्बन भरपूर असतो. पण त्याची सांडशी केली आणि कामाच्या ओघात तिचे लाल तोंड पाण्यात बुडवले, तर ते काचेसारखे ठिसूळ होते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या सांडशीचे तोंड जमिनीवर पडून दुभंगले होते. बाजारातली साधी माइल्ड स्टीलची पट्टी किंवा गज, ज्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपासच असतो, तो घ्यावा. सांडशी पाण्यात बुडवणे हे रोजचेच असते आणि साध्या लोखंडाला ते सोसते. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट रिव्हेट म्हणून भट्टीत घालू नये, हे मी फळ्यावर लिहून ठेवत असे. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. एकदा मी स्वतः तो अनुभव घेतला आहे आणि त्या रात्रीचे वर्णन करण्याची इच्छा नाही.

कॅनडातून

ज्यांना ऐरणीच्या कडेवरच्या त्या तीन बैठकी जड वाटतात, त्यांच्यासाठी आमच्या वर्गात शिकवलेला मार्ग सांगते. २० बाय ६ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, थंड असतानाच ड्रिलने भोके पाडावीत आणि भोकाच्या पुढचा भाग तापवून, शिकंज्यात धरून, पाव वळसा पिळावा. तोंडे समोरासमोर येतात आणि डावे-उजवे चुकण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. माझी जोडी एका दुपारी पूर्ण झाली. ती देखणी नाही, पण तिने धरूनच मी दुसरी, नीट घडवलेली सांडशी केली. आमची भट्टी गॅसची आहे, त्यामुळे बाहेर उणे दहा अंश असले तरी शेडचे दार उघडे ठेवावे लागते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नागपूरहून

मी धातूशिल्पे करते. रिव्हेटबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. माझे दोन्ही अर्धे मिळून १६ मिलिमीटर जाड होते आणि रिव्हेट १० मिलिमीटरचे. डोके घडवायला रिव्हेट व्यासाच्या दीडपट, म्हणजे १५ मिलिमीटर, बाहेर उरायला हवे होते. मी जेमतेम ७ ठेवले आणि डोके बटणासारखे न होता नुसते पसरले. दुसऱ्या वेळी माप बरोबर होते, रिव्हेट पिवळे तापवून ठोकले, आणि सांडशी हलेचना. थंड होताना रिव्हेट आकसते आणि दोन्ही अर्धे घट्ट आवळते, हे मला माहीत नव्हते. मी तासभर तेल घालत बसले. शेवटी शेजारच्या वर्कशॉपमधल्या काकांनी सांगितले, की सांधा पुन्हा लाल करा आणि तो काळा पडेपर्यंत दांडे सतत उघडत-मिटत राहा. दोन मिनिटांत ती कात्रीसारखी चालू लागली.

दांड्यांची जाडी मात्र मी पुस्तकी मापाने ठेवली होती आणि ती माझ्या हाताला फार होती. संध्याकाळपर्यंत मनगट भरून येई. पुढच्या सांडशीत दांडे टोकाकडे करंगळीपेक्षाही बारीक ओढले, तेव्हा त्यांत थोडी लवचीकता आली आणि निम्म्या जोरात पकड बसू लागली. जुनी सांडशी मी वर्कशॉपमधल्या त्याच काकांना दिली. त्यांची मूठ मोठी आहे, त्यांना ती बरोबर बसते.