व्हिजिटर पार्किंगला दंड लावला तर गाड्या वाढल्या, असं का?

घोडबंदरकर:
मंडळी, घोडबंदर रोडला आमची सोसायटी आहे. व्हिजिटर पार्किंगमध्ये रात्री मेंबरच आपली दुसरी गाडी घुसवायचे, तीन-चार गाड्या असायच्या, म्हणून कमिटीने रात्रीला ५० रुपये दंड लावला, मेंटेनन्सच्या बिलात जोडून येतो. आता रोज अकरा गाड्या! आधी जे गपचूप बाहेर रस्त्यावर लावायचे तेही आत आलेत. हे कसलं उलटं गणित?

हिशोबनीस:
उलटं कुठे, सरळच आहे. तुम्ही दंड नाही लावलात राव, भाडं ठरवलंत. ५० रुपयात वॉचमनसकट रात्रभर जागा ठाण्यात कोण देतंय? आधी वॉचमनने नुसतं बघितलं तरी माणूस ओशाळायचा, आता बिल भरतो ना म्हणून बिनधास्त लावतो. इस्राएलमध्ये हैफाला हे मोजून झालंय, ग्नीझी आणि रुस्तिचिनी यांचा २००० सालचा पेपर आहे. १० पाळणाघरं घेतली, त्यातल्या ६ मध्ये पोराला न्यायला दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की १० शेकेल दंड. उशिरा येणारे आईबाप जवळजवळ दुप्पट झाले! बाई आपल्यासाठी ताटकळतायत ही टोचणीच गेली.

वाशीची माऊ:
म्हणजे दंड कधी चालतच नाही असं नाही हं. आयर्लंडने २००२ मध्ये प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट लावले आणि वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला, रक्कम तर किरकोळच. मला वाटतं तिथे दर वेळी काउंटरवर पैसे मोजावे लागतात आणि मागे रांगेतले चारजण बघत असतात, तुमचे ५० रुपये बिलात गुडूप, कळतात कुणाला? शिवाय पिशवी घरून नेता येते, दुसरी गाडी माणूस नेणार कुठे.

घोडबंदरकर:
पटलं. मग दंड काढूनच टाकू का? रविवारी मीटिंग आहे.

हिशोबनीस:
नका. हैफात नंतर दंड काढला तरी उशीर होता तेवढाच राहिला. एकदा दर डोक्यात बसला की बसला. त्यापेक्षा जनरल बॉडीत ठराव करून तो इतका वाढवा की बाहेरचं पे-पार्किंग स्वस्त वाटेल.

कळवेकर:
अहो पण कमिटीचा हिशोब कोणी केला का? ११ गाड्या, ५० रुपये, महिन्याला १६,५००. त्यांना आता गाड्या नकोयत असं कशावरून? आणि एक, वॉचमनला पावतीमागे कमिशन अजिबात देऊ नका. १९०२ मध्ये व्हिएतनामच्या हनोईत फ्रेंच सरकारने उंदीर मारावेत म्हणून शेपटीमागे बक्षीस ठेवलं तर लोक शेपटी कापून उंदीर सोडून द्यायला लागले. आमच्याकडे पावतीला १० रुपये ठेवले होते, भाऊबीजेला मेव्हणा जेवायला आला, आमरस-पुरी... सॉरी, बासुंदी-पुरी खाऊन खाली उतरतोय तर काचेवर पावती.

घोडबंदरकर:
१६,५०० 😳 तरीच नोटीस बोर्डावर गेटच्या लायटिंगचं कोटेशन लागलंय.