'केवळ शास्त्र' की 'केवळ शास्त्राने'?

शेवंती:
ल्यूथरन पंथावरचा (सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून फुटलेल्या मार्टिन ल्यूथरचा पंथ) एक लेख मराठीत करतेय. 'सोला स्क्रिप्तुरा' या त्यांच्या लॅटिन घोषवाक्यापाशी गाडी अडली; श्रद्धेच्या बाबतीत अंतिम अधिकार बायबलचाच, असा त्याचा अर्थ. मी 'केवळ शास्त्र' लिहिलं, संपादकांनी खोडून 'फक्त बायबल' केलं. म्हणे, 'शास्त्र' म्हटलं की वाचकाला भौतिकशास्त्र आठवतं. नगरला आमच्या शेजारच्या ख्रिस्ती आजी तर 'पवित्र शास्त्र'च म्हणायच्या. काय ठेवू?

जुना खुंट:
शास्त्रच ठेवा. पण प्रथमा चूक. लॅटिनमधले ते शेवटचे दोन्ही 'आ' दीर्घ आहेत, तिथे आपल्याकडे तृतीया येईल: 'केवळ शास्त्राने'. 'केवळ शास्त्र' म्हणजे बाकी सगळं जाळून टाका असा सूर लागतो. ल्यूथरन तसं म्हणत नाहीत. १५३० चा ऑग्सबर्गचा विश्वासाचा जाहीरनामा ते आजही मानतात. १५७७ च्या त्यांच्या मसुद्यात शास्त्राला एकमेव न्यायाधीश म्हटलंय. कोर्टात वकील असतात, साक्षीदार असतात, निकाल मात्र एकाचा.

वसईवाला:
न्यायाधीश खरा, पण निकालपत्र वाचायचं कोणी? आमच्या कॅथलिकांच्या बायबलात ७३ पुस्तकं, त्यांच्यात ६६. आमच्या चर्चच्या त्रेंतच्या परिषदेने १५४६ मध्येच शास्त्र आणि परंपरा सारख्याच आदराने स्वीकारली.
बाकी मला वेगळंच कोडं आहे. व्हॅटिकनच्या १९६५ च्या दस्तऐवजाचं नाव 'देई व्हेर्बुम'. देवाचा 'शब्द' की देवाचं 'वचन'? योहानाच्या शुभवर्तमानात 'प्रारंभी शब्द होता', इब्री लोकांस पत्रात मात्र देवाचं 'वचन'. ग्रीकमध्ये दोन्हीकडे 'लोगोस'च.

जुना खुंट:
वचन पाळायचं असतं, शब्दही पाळायचा असतो. 'शब्द दिला' म्हणतोच की आपण.

शेवंती:
अहो, माझं 'केवळ' राहिलं बाजूला!

मिरजकर:
केवळ पुस्तकी आहे, 'फक्त' करा. ल्यूथरनेच सांगून ठेवलंय. बायबलातल्या रोमकरांस पत्रात ३:२८ ला माणूस नीतिमान ठरतो तो 'विश्वासाने' एवढंच होतं, ल्यूथरने जर्मन भाषांतरात 'फक्त' घुसडलं. बोंब झाली. १५३० मध्ये त्याने पत्र लिहून सुनावलं की जर्मन कशी बोलावी हे लॅटिनला विचारू नका, घरातल्या बाईला, गल्लीतल्या पोरांना, बाजारातल्या माणसाला विचारा.

जुना खुंट:
'फक्त' अरबी! शास्त्राशेजारी अरबी शब्द बसवणार?

मिरजकर:
आणि 'बायबल' काय पैठणचं?

वसईवाला:
गंमत म्हणजे 'केवळ विश्वासाने' हे शब्द शास्त्रात एकाच ठिकाणी येतात, याकोबाच्या पत्रात २:२४ ला, आणि तिथे पुढे 'नव्हे' आहे! म्हणूनच ल्यूथर त्या पत्रावर खार खाऊन. १५२२ च्या प्रस्तावनेत त्याला पेंढ्याचं पत्र म्हणाला, पण काढून टाकलं नाही, मागे सरकवलं.

शेवंती:
हेच तर लेखात आहे. त्याची कसोटी एकच: ख्रिस्त दिसतो का? जुन्या कराराला तो ख्रिस्ताची बाळंती आणि गव्हाण म्हणतो. मोल बाळाचं, पण बाळ तिथेच सापडणार. मला 'गव्हाण' शब्द फार आवडला. गव्हावरून आला असेल का?

जुना खुंट:
छे! गाईवरून. संस्कृत 'गवादनी', गाईने खायची जागा.

कडबाकुट्टी:
पहिल्यांदाच लिहितोय. बायबलमधलं कळत नाही, पण गुरं आहेत. 'पेंढा' भाताचा. जर्मनीत भात कुठला? ज्वारीचा असता तर कडबा म्हटलं असतं. गव्हाचं असेल तर 'काड' म्हणा. आणि गव्हाचं काड जनावर नाइलाज असेल तरच खातं, त्या माणसाला तेच म्हणायचं असावं.

वसईवाला:
आमच्याकडे पेंढाच म्हणतात. नाताळच्या गोठ्यात तोच घालतो.

कडबाकुट्टी:
तुमच्याकडे भात पिकतो, दादा.

शेवंती:
'काडाचं पत्र' लिहिलं तर संपादक काडीपेटी समजतील.