कॅनन, कल्पभेद आणि सायरोडीलचं जंगल

एल्डर स्क्रोल्स या खेळमालिकेवर मराठीत छोटी चित्रफीत करतोय. निवेदन लिहिताना परवा रात्री एका वाक्यापाशी गाडी अडली, ती अजून तिथंच आहे. वाक्य असं: 'सायरोडील हा प्रांत आधी जंगल होता की नव्हता, यावर चाहते अजून भांडतात.' आईला वाचून दाखवलं. तिनं समोर चाललेल्या ऑब्लिव्हियनकडे, म्हणजे याच मालिकेतल्या खेळाकडे, पाहिलं. पडद्यावर माझा घोडा झाडीत अडकलेला. म्हणाली, "मग हे काय आहे? जंगलच ना?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: 1998 साली रेडगार्ड या खेळाबरोबर साम्राज्याची माहिती देणारी एक पुस्तिका आली. तीत सायरोडील म्हणजे उष्ण, दमट, किर्र रान. 2006 साली ऑब्लिव्हियन आला आणि तिथं युरोपात शोभावीत अशी कुरणं नि मोकळी झाडी. तेव्हापासून चाहत्यांचा एकच सवाल, कॅनन, म्हणजे मालिकेत खरी धरायची कथा, कुठलं? आता मला या 'कॅनन'लाही मराठी शब्द हवाय, धाग्यावर खाली सुचवा. नुसतं कॅनन लिहिलं की निम्म्या लोकांना कॅमेरा आठवतो, उरलेल्यांना तोफ.

आईंचं बरोबर आहे

मराठीत हा वादच उभा राहत नाही, कारण आपलं 'जंगल' दोन्हीला पुरतं. मेळघाटातला उन्हाळ्यात खडखडीत वाळणारा सागही जंगल आणि आंबोलीतलं जळवांनी भरलेलं रानही जंगल. इंग्रजांनी हा शब्द इथून उचलला आणि तिकडे नेऊन वेली, चिखल, डास असा त्याचा अर्थ पक्का केला.

खरी गंमत पुढेच आहे. मूळ संस्कृत 'जाङ्गल' म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा प्रदेश. आयुर्वेदात अजूनही 'जांगल देश' म्हणजे कमी पावसाचा आणि त्याच्या उलट पाणथळ तो 'आनूप देश'. म्हणजे पुस्तिकेतलं सायरोडील आनूप ठरतं आणि ज्याला चाहते 'जंगल नाही' म्हणतात ते ऑब्लिव्हियनमधलं त्यातल्या त्यात जांगल! एका शब्दानं हजार-दोन हजार वर्षांत टोपी फिरवली. खेळ कंपनीनं आठ वर्षांत फिरवली तर काय मोठं.

निवेदनात 'वर्षावन' वापरा.

वर्षावन नको

शाळेच्या भूगोलाचा वास येतो. 'किर्र रान' तुम्हीच वर लिहिलंय, तेच ठेवा.

प्रमाण

'कॅनन'चा ग्रीक अर्थ मोजपट्टी, मोजायची काठी. 'प्रमाण'मध्येही 'मा' म्हणजे मोजणं हाच धातू आहे. इतका चपखल जोड सहसा मिळत नाही. 'प्रमाण कथा', 'हे प्रमाण धरत नाहीत' असं सरळ लिहिता येईल. 'अधिकृत' मात्र टाळा. त्यानं शिक्का कुणाचा ते कळतं, खरं काय ते कळत नाही.

प्रमाण, पण कुठलं?

शब्द आवडला, पण आपल्याकडे प्रमाणं एकाहून जास्त आहेत ना! ऑब्लिव्हियनमध्ये फिरताना जे दिसतं ते प्रत्यक्ष प्रमाण. खेळातल्या कपाटांमधली पुस्तकं हे शब्दप्रमाण, आणि तेही आप्ताचं, म्हणजे विश्वासू जाणकाराचं, असेल तर. या मालिकेत पुस्तकं लिहिणारी मंडळी खेळातलीच पात्रं असतात, पक्षपाती, अर्धवट माहितीची, कधी सरळ थापाडी.

नमुना पाहा. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन (2014) यात लेडी सिनाबार नावाच्या विदुषीचा सायरोडीलच्या हवामानावर छोटा लेख सापडतो. फ्रास्टस नावाच्या पंडिताचं म्हणणं असं की जुन्या ग्रंथात 'जंगल' आलं तो नक्कल करणाऱ्याचा हस्तदोष. बाई त्याला खोडून काढतात. चाहत्यांचं भांडण खेळवाल्यांनी उचलून आपल्या पात्रांच्याच तोंडी दिलं!

याला कारणही आहे. आधीचा खुलासा असा होता की सम्राट टायबर सेप्टिम देवपदाला पोचला आणि त्यानं आपल्या सैन्यासाठी जंगल बदलून टाकलं. पण ऑनलाइनची कथा त्याच्याही सुमारे तीनशे वर्षं आधी घडते, आणि तिथंही सायरोडीलमध्ये जंगल नाही. खुलासा कोसळला, म्हणून हस्तदोष आठवला.

रेटकॉन = सारवासारव

वरच्या प्रकाराला, म्हणजे आधी सांगितलेली कथा मागाहून बदलण्याला, इंग्रजीत रेटकॉन म्हणतात. आपला शब्द तयार आहे.

वॉरक्राफ्ट या दुसऱ्या खेळमालिकेत तर राजरोस सारवली. 2002 च्या तिसऱ्या भागाच्या पुस्तिकेत एरेडार या दुष्टांमुळे सार्गेरास हा देवतुल्य योद्धा बिघडला. 2007 च्या बर्निंग क्रुसेडमध्ये उलट, सार्गेरासनं एरेडारांना बिघडवलं, आणि पळून वाचले ते ड्रेनाय. कथा सांभाळणाऱ्या ख्रिस मेट्झन यांनी मात्र मान्य केलं की जुना मजकूर माझ्या लक्षातून निसटला. याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

अवांतर: 2010 च्या ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे वॉरक्राफ्टवाल्या कंपनीच्या मेळाव्यात, लाल शर्टातल्या एका चाहत्यानं माइक हातात घेऊन फॉल्स्टॅड वाइल्डहॅमर हे पात्र कुठे गायब झालं ते विचारलं. कंपनीनं खेळात फॉल्स्टॅडला आणून बसवलं आणि शेजारी लाल शर्टातला एक बुटका उभा केला, 'तथ्य तपासनीस' म्हणून.

हेडकॅनन

चाहता स्वतःच्या मनानं जी कथा खरी धरतो ती हेडकॅनन. तिला पदरचं म्हणा. 'हे त्याचं पदरचं आहे' यापुढे काही बोलायची गरज उरत नाही.

आणि पदरचं घालणाऱ्यांना नाथांनी शके 1506 मध्येच बजावून ठेवलंय. ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केल्यावर ते म्हणाले, यात जो स्वतःची ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. एवढी जालीम सूचना एकाही खेळाच्या विकीवर नसेल.

पाठभेद, प्रक्षेप वगैरे

भांडारकर संस्थेनं 1919 ते 1966 खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. हस्तलिखितं ताडून पाहिली आणि जे मागाहून शिरलं वाटलं ते तळटीपांत नि परिशिष्टांत नेलं. गणपतीनं महाभारत लिहून घेतलं ही गोष्टसुद्धा परिशिष्टात गेली. फेकलं काहीच नाही, फक्त जागा बदलली. चाहत्यांच्या विकीनं नेमकं हेच करावं असं मला फार वाटतं.

पण 'पाठभेद' म्हटलं की मागे एक मूळ पाठ होता असं गृहीत धरतो आपण. एल्डर स्क्रोल्समधल्याच डॅगरफॉल या खेळाचं (1996) काय करणार? शेवट अनेक, प्रत्येकात एका पितळी महाकाय यंत्राची सूत्रं वेगळ्याच्या हातात. पुढच्या खेळासाठी एक निवडायला हवा होता. त्यांनी निवडलाच नाही. काळाचा सांधा निखळला आणि सगळे शेवट एकदमच खरे झाले, असं ठरवलं. मॉरोविंडमधल्या (2002) पुस्तकांत याची चर्चा आहे. नाव ड्रॅगन ब्रेक.

याला पाठभेद नका म्हणू. कीर्तनकारांकडे याहून नेमका शब्द आहे. दोन पुराणांत एकच कथा दोन तऱ्हांनी आली आणि श्रोत्यानं अडवलं, की बुवा शांतपणे सांगतात, 'कल्पभेद!' त्या कल्पात तसं घडलं, या कल्पात असं. योगायोग म्हणजे या मालिकेचे जुने चाहते सृष्टीच्या फेऱ्याला 'कल्प'च म्हणतात, आपलाच शब्द, जसाच्या तसा.

किंचित दुरुस्ती

कल्पभेदात घटना वेगवेगळ्या फेऱ्यांत घडतात. ड्रॅगन ब्रेकमध्ये एकाच काळात. त्यामुळे अगदी तंतोतंत नाही. पण बुवांचा सूर तोच, हे कबूल.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. प्रमाण, सारवासारव आणि पदरचं हे तिन्ही घेतले. कल्पभेद दुरुस्तीसकट घेतो. वाक्य आता असं: 'सायरोडीलमध्ये पूर्वी किर्र रान होतं असं पुस्तिका सांगते, डोळ्यांना मात्र कुरणं दिसतात, आणि प्रमाण कशाला धरायचं यावर चाहते अजून भांडतात.' आईला वाचून दाखवलं, तिनं हरकत घेतली नाही.

पुढची अडचण 'ड्वेमर', एल्डर स्क्रोल्समधली एक जमात. खेळात त्यांना ड्वॉर्फ, म्हणजे बुटके, असंही म्हणतात, पण हे लोक एल्फ या काल्पनिक वंशापैकी, चांगले आपल्याएवढे उंच. महाकायांनी त्यांना ते नाव दिलं, कारण महाकायांना ते ठेंगणे दिसले. 'बुटके' लिहिलं तर महाकायांची बाजू घेतल्यासारखं होतं. मूळ नावातला अर्थ खोलातले, गहन विचारांचे असा. 'मेर' म्हणजे एल्फजन, पण आमच्या कोकणात मेर म्हणजे शेताचा बांध, त्यामुळे तेही सुटं वापरता येत नाही. सुचवा काहीतरी.