मदत हवी आहे: आईला इथे करमत नाहीये, आणि थंडी काही संपत नाही

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

आम्ही मिनेसोटात, सेंट पॉलजवळ राहतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई वाईहून आली, महिनाअखेरीस मला मुलगी झाली. पहिले दोन महिने आई नुसती भिंगरी होती. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाला तेल लावून न्हाऊ घालणं, वर माझ्यावर डाफरणं. पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा शाल गुंडाळून गॅलरीत गेली आणि वाईच्या झाडून सगळ्या ग्रुपांवर व्हिडिओ टाकले.

जानेवारी संपता संपता ती उतरत गेली. बाळाचं सगळं करते, पण गप्प. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसते. समोर आमच्या बिल्डिंगचं पार्किंग आहे. बर्फ ढकलून ढकलून एका कोपऱ्यात डोंगर झालाय, आता काळाकुट्ट. त्यात कुठल्याशा दुकानातली ट्रॉली अर्धी रुतलीय. आई दिवसातून दोनदा तरी म्हणते, "हा ढीग काही हलत नाही गं." बाहेर लख्ख ऊन असतं, तिला वाटतं जाऊन यावं, आणि पारा उणे १८! इथलं ऊन फसवं आहे.

रात्रीची झोप पार उलटली आहे. वाई आमच्या साडेअकरा तास पुढे. तिची भिशी दुपारी चारला, म्हणजे आमच्या पहाटे साडेचारला. ही तेव्हा उठून फोन घेऊन बसते. सध्या तिकडे आळीआळीने कृष्णाबाईचा उत्सव चाललाय, त्याचे फोटो येतात. ते बघून झाले की दिवसभर आणखी गप्प.

गेल्या सोमवारपासून मी ऑफिसला जायला लागले. नवरा आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतो. बाकीचे तीन दिवस ती आणि बाळ, दोघीच. परवा विचारलं, आई, काय होतंय? तर म्हणाली, "काही नाही. करमत नाही एवढंच."

परतीचं तिकीट एप्रिलअखेरचं आहे. दोन महिने काढायचेत. आणि मला हे कळत नाही, की दिवस तर मोठा व्हायला लागलाय, मग डिसेंबरात ठणठणीत असलेली बाई आत्ताच का कोमेजली? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

हिमगौरी

अगं, फेब्रुवारीच वाईट! मला इथे चौदा हिवाळे झाले. डिसेंबरात अंधार असतो पण नवलाई असते. तुझ्याकडे तर बाळंतपण होतं, माणसं येत होती. आता नवलाई संपली, थकवा साठलाय आणि बर्फ तोच. मार्च इथे वसंताचा नसतो हे आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर रोज वाट बघेल. एप्रिलमध्येही बर्फ पडलेला आहे.

ताबडतोब करण्यासारखं म्हणजे तिला सेंट पॉलच्या कोमो पार्कमधल्या काचेच्या वनस्पतिगृहात ने. १९१५ सालचं आहे, प्रवेश मोफत, ऐच्छिक देणगी. दार उघडल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरते आणि ओल्या मातीचा वास येतो. मी पहिल्या हिवाळ्यात तिथल्या बाकावर बसून रडले होते, लाज नाही सांगायला.

शंकासुर

नातवंड मांडीवर असताना करमत नाही? आपल्या आज्या चार भिंतींत आयुष्य काढायच्या. फोन काढून घ्या, जपमाळ द्या.

हिमगौरी

@शंकासुर, आज्यांच्या चार भिंतींना ओसरी, अंगण आणि शेजारीण असायची. आणि जपमाळ तुम्हीच घ्या.

टोरांटोकर

धागाकर्तीचा प्रश्न बरोबर आहे, दिवस वाढतोय मग आत्ताच का. मी स्वतः यातून गेलोय म्हणून लिहितो. अंधाराचा परिणाम हप्त्याहप्त्याने चढतो. बऱ्याच जणांना जानेवारी-फेब्रुवारीतच तळ लागतो आणि वर यायला एप्रिल उजाडतो. नॉर्मन रोझेंथल नावाचे मानसोपचारतज्ज्ञ जोहान्सबर्गहून अमेरिकेत आले, तिथल्या हिवाळ्यात त्यांचं स्वतःचंच असं व्हायला लागलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली या ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की 'सॅड' होतं, हा विनोद त्यांनी मुद्दाम केला असावा.

उपाय म्हणून खास दिवा मिळतो. १०,००० लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप), अतिनील किरण गाळलेला. सकाळी उठल्यावर अर्धा तास, चेहऱ्यापासून हात-दीड हातावर, थोडा बाजूला. त्याच्याकडे बघत बसायचं नाही. मी समोर पोहे खातो. घेताना खोक्यावर बारीक अक्षरात बघा, १०,००० लक्स किती अंतरावर ते. स्वस्तातल्या चिमुकल्या दिव्यांना तो उजेड नाकाला टेकवल्यावर मिळतो. मी असला एक घेऊन फसलोय, आता तो बायको रांगोळी काढताना लावते.

आणि घरातल्या उजेडावर विसंबू नका. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत तीन-चारशे लक्स असतात. ढगाळ दिवशीसुद्धा दुपारी बाहेर त्याच्या कितीतरी पट. दहा मिनिटं का होईना, बाहेर.

नाडीपरीक्षा

दिवा आणण्याआधी दोन प्रश्न. आईंच्या डोळ्यांचं काही? मधुमेहाने पडद्यावर परिणाम झाला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा नको. मूड खूप चढण्या-उतरण्याचा जुना आजार असेल तरीही नको.

दुसरं, थायरॉइडची गोळी चालू आहे का? परदेशात आल्यावर गोळ्यांच्या वेळांचा बोजवारा उडतो. कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी एकत्र घेतली तर दुसरी नीट शोषली जात नाही, मध्ये चार तास हवेत. थायरॉइड बिघडलं की माणूस असाच मंद आणि उदास होतो. आणि खिडकीतल्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळत नाही, काच ते किरण अडवते. उजेडासाठी मात्र खिडकी चांगली.

पाहुण्यांच्या विम्यात जुनी दुखणी बहुतेक वेळा धरत नाहीत, म्हणून आधी वाईच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोला. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जेवण-झोप उडाली, बाळातही रस उरला नाही, 'मी नसते तर बरं' अशी भाषा आली, तर विमा बघत बसू नका, तिथेच दाखवा. अमेरिकेत ९८८ हा मानसिक संकटात मदत मागण्याचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तुम्ही स्वतः तीन महिन्यांच्या बाळंतीण आहात. तुमचं कसं चाललंय ते लिहिलं नाहीत. तुमच्या डॉक्टरांना तेही सांगा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. नाडीपरीक्षा, तुम्ही घर बघून गेलात की काय! गोळी पहाटे उठल्या उठल्या, आणि कॅल्शियम त्याच पाण्याबरोबर, "एकदाच काय ते" म्हणून. आजपासून वेगळं केलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, शुगर आहे, त्यामुळे दिवा विचारूनच. माझं म्हणाल तर रडू येतं अधूनमधून. पुढच्या तपासणीत बोलते.

वानप्रस्थी

मी साठी ओलांडलेली बाई. मुलाकडे न्यू जर्सीला दोन हिवाळे काढलेत. सगळे तुझ्या आईबद्दल बोलतायत, मी तिच्या बाजूने एक विचारते. तिच्याकडे घराची किल्ली आहे का?

माझ्याकडे नव्हती. कुणी मुद्दाम दिली नाही असं नाही, सुचलंच नाही. आमच्या बिल्डिंगचं खालचं दार आपोआप बंद व्हायचं. एकदा कचरा टाकायला गेले आणि बाहेर अडकले, पायात सपाता, फोन वर. शेजारच्या बाईने दार उघडेपर्यंत पंधरा मिनिटं. मुलाला सांगितलं नाही, उगाच बोलणी खायची. पण त्यानंतर मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही आणि सगळे म्हणायला लागले, आईला थंडी सोसत नाही.

जन्मभर स्वतःची भाजी स्वतः आणलेल्या बाईला 'शनिवारी नेतो हं' हे ऐकणं किती जड जातं, ते तुम्हाला अजून कळायचं नाही. बर्फात ती कोंडली नाहीये, पोरी. ती दुसऱ्याच्या गाडीत आणि दुसऱ्याच्या वेळेत कोंडली आहे.

आणि हा वाळवणाचा हंगाम. तिच्या हातांना ते ठाऊक आहे. तुमच्या घरातली हवा हीटरने इतकी कोरडी होते की टॉवेल रात्रीत खडखडीत वाळतो. त्या हवेत बटाट्याचा कीस घाल म्हणावं.

धागाकर्ती

वानप्रस्थी काकू, तुमचा प्रतिसाद ऑफिसात वाचला आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. नाही. किल्ली नव्हती. फोनला इथलं सिमही नव्हतं, घरात वायफाय आहे की म्हणून.

धागाकर्ती (दोन आठवड्यांनी)

कळवायचं राहिलं होतं. आईला सरळ विचारलं, लवकर जायचंय का? तिकीट बदलू. तर चिडली. "मी कधी म्हटलं जायचंय? तू एकटी काय करशील?" मग हळूहळू बाहेर आलं. जानेवारीत एकदा ती खाली गेली होती. दार बंद होईल या भीतीने त्यात चप्पल अडकवून ठेवली. मॅनेजरने ती काढून तिला काहीतरी सांगितलं. ते तिला कळलं नाही, पण ओरडला असं वाटलं. पुन्हा गेली नाही. आणि मी म्हणत होते हवामान.

तिला दाराची चावी दिली, ती मंगळसूत्राच्या बाजूला दोऱ्यात ओवून घातलीय. सिम घेतलं. बुटांवर चढवायचे रबरी काटे आणले, ते घालून ती टकटक वाजत चालते. नवरा घरी असतो त्या दोन दिवशी तो जेवणाच्या सुट्टीत बाळाला घेतो आणि ही बिल्डिंगला फेऱ्या मारते. पहिल्या दिवशी सात मिनिटं. काल चाळीस झाली तरी पत्ता नाही, फोन केला तर लायब्ररीत! तिथे एका सोमाली आजीबरोबर बसली होती. भाषा दोघींनाही एकमेकींची येत नाही, दोघी नातवंडांचे फोटो दाखवत होत्या.

झोप अजून नीट नाही. गेल्या रविवारी घड्याळं एक तास पुढे गेली, त्यामुळे भिशी आता साडेपाचला येते, हा एक फायदा. वाईच्या डॉक्टरांनी थायरॉइड तपासायला सांगितलंय, ते या आठवड्यात करतोय. कोमोलाही गेलो. 'हात लावू नये' अशी पाटी असताना आईने एका पानाला हात लावलाच. काही दिवस अजूनही वाईट जातात. परवा दिवसभर ढग होते, तेव्हा पुन्हा खुर्ची आणि खिडकी.

आता काकू, तुमच्याकडे खास काम. पाहुण्यांच्या पलंगावर जुनी चादर पसरून तीन किलो बटाट्याचा कीस घातला, दीड दिवसात कुरकुरीत! पण तळायला घेतला तर धुराचा अलार्म वाजला, बाळ उठलं, वरच्या मजल्यावरचे खाली आले. आईने त्यांनाही वाटीभर दिला आणि आता कुरडयांचा गहू भिजत घालायचा म्हणते. चीक शिजवताना इतकी वाफ होते. त्या अलार्मचं काय करू?

वानप्रस्थी

खिडकी उघड, पंखा लाव, आणि एक जण टॉवेल घेऊन अलार्मखाली वारा घालत उभा कर. आमच्याकडे ते काम मुलाचं असायचं. अलार्म काढू मात्र नकोस. गहू तीन दिवस भिजव, पाणी रोज बदल.