घरासाठी लॅपटॉप की डेस्कटॉप? (माणसं चार, बजेट ४५ हजार)

इंदिरानगरकर
मंडळी, आमचा सात वर्षांचा लॅपटॉप परवा गेला. बिजागरी आधीच तुटली होती, वर्षभर स्क्रीन भिंतीला टेकवून काम चाललं होतं. आता चालूच होत नाही. बायको घरी बसून तीन दुकानांचे हिशेब टॅली सॉफ्टवेअरवर बघते, मुलगी नववीत आहे, वडिलांना दुपारी कीर्तन लागतं, मला अधूनमधून ऑफिसच्या एक्सेल फायली. बजेट ४५ हजार, ओढूनताणून ५०.

मी डेस्कटॉपच्या बाजूने आहे. सात वर्षांत तो लॅपटॉप घराबाहेर किती वेळा गेला ते आठवून बघितलं. चार वेळा. त्यातल्या दोन फेऱ्या दुरुस्तीच्या. पण मेव्हणा हसतो, म्हणतो, "दाजी, आता डेस्कटॉप कोण घेतं?"

सोल्डरिंगवाला
मेव्हण्याला माझ्याकडे पाठवा. कॉलेज रोडला रिपेअरिंग करतो, रोज दोन्ही उघडतो. डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, उडाला तर दुसरा लावून अर्ध्या तासात मशीन चालू. लॅपटॉपची चार्जिंगची पिन हलायला लागली की बऱ्याचदा अख्खा बोर्ड उतरवावा लागतो. पातळ मॉडेलमध्ये तर रॅमही बोर्डावरच सोल्डर केलेली असते. ८ जीबीचा घेतलात की शेवटपर्यंत ८.

मागच्या आठवड्यात एक काका आले, टचपॅड क्लिक होत नाही म्हणून. मागचं झाकण काढलं तर बॅटरी उशीसारखी फुगलेली, टचपॅडला खालून वर ढकलत होती. तीन वर्षं लॅपटॉप टेबलावरून हलला नव्हता, चार्जर कायम लावलेला. घरात वापर डेस्कटॉपचाच होता, पैसे मात्र लॅपटॉपचे मोजले. फुगलेली बॅटरी कुणाच्या घरी असेल तर वापरणं आजच थांबवा, दाबून बसवायला जाऊ नका.

पिंपळगावकर
तुम्हा शहरातल्या लोकांना लाईट जाणं ही बातमी असते. आमच्या मळ्यात लाईट आली की बातमी. एक्स्पोर्टच्या बागेच्या फवारणीच्या नोंदी रात्री बसून भरतो. अशात डेस्कटॉप घेतला असता तर वरून कापड टाकून देव्हारा केला असता. यूपीएस आहे ना म्हणू नका. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं टिकतो, तोही नवा असताना. दोन-तीन वर्षांत त्याची बॅटरी बसते आणि मग लाईट गेल्याक्षणी नुसता टी टी ओरडतो.

टॅली_आणि_चहा
पिंपळगावकर दादा, तुमच्यासाठी लॅपटॉपच बरोबर, वादच नाही. पण विचारणारे इंदिरानगरचे आहेत.

मी स्वतः घरून अकाउंट्स करते, म्हणून वहिनींच्या बाजूने बोलते, कारण वरच्या पोस्टमध्ये मशीनवर सगळ्यात जास्त वेळ बसणारं माणूस त्याच आहेत आणि त्यांचं मत कुणी विचारलेलं दिसत नाही. जीएसटीची रिटर्न भरायची असतात, महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. त्या आठवड्यात मी रोज सहा-सात तास एन्ट्री मारते. १४ इंची लॅपटॉपला बहुतेक वेळा उजवीकडचा नंबरपॅडच नसतो. वरच्या ओळीतले आकडे शोधत बिलं मारून बघा, मग कळेल. आणि मान! लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले. हात नीट ठेवले तर मान खाली, मान सरळ ठेवली तर कोपर हवेत. मी दोन वर्षं फिजिओथेरपी केली. आता २४ इंची मॉनिटर आहे, डावीकडे बँक स्टेटमेंट, उजवीकडे टॅली.

आरामखुर्ची_नाशिकरोड
प्रेसमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा म्हाताऱ्यांच्या वतीने बोलतो. आमच्याकडे मुलाने हौसेने डेस्कटॉप बसवला, तोही स्वतःच्या बेडरूममध्ये. दुपारी सून झोपलेली असते, मी दाराशी घुटमळतो आणि परत येतो. लॅपटॉप मांडीवर घेऊन गॅलरीत बसता येतं. मशीन कुठल्या खोलीत ठेवणार हे आधी ठरवा, मग ते कुणाचं होणार ते आपोआप ठरतं.

सोल्डरिंगवाला
काका, कीर्तनाला टीव्ही आहे की.

आरामखुर्ची_नाशिकरोड
टीव्हीवर सूनबाईंच्या मालिका आहेत.

थर्ड_इयर
मुलगी नववीत म्हणजे तीन-चार वर्षांत कॉलेजला. मग आत्ताच लॅपटॉप घ्या ना, पुण्याला जाताना तोच घेऊन जाईल. एकाच खर्चात दोन कामं.

टॅली_आणि_चहा
आणि त्या दिवशी तिच्या आईने टॅली कशावर करायची? शिवाय चार वर्षं घरात चार जणांनी हाताळलेला लॅपटॉप कॉलेजला नेण्याच्या लायकीचा राहील? तिचा तेव्हा नवा घ्या. तिला कोणती शाखा मिळते त्यावर कसला लॅपटॉप लागतो तेही बदलेल.

थर्ड_इयर
पॉइंट आहे. माझाच दुसऱ्या वर्षात बदलावा लागला. तरी वीजबिलाचं कुणी बोललं नाही.

सोल्डरिंगवाला
बोलू की. साधा डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून ८० ते १०० वॉट धरा, लॅपटॉप २५-३०. रोज सहा तास वापरला तर महिन्याला १४ ते १८ युनिट विरुद्ध ५. युनिटला १० रुपये धरले तरी फरक शे-सव्वाशे रुपयांचा. दोन मिसळी.

ब्रँडेड_बघून_पस्तावलो
वर सोल्डरिंगवाले म्हणतात एसएमपीएस दुसरा लावला की झालं. हे असेम्बल्ड, म्हणजे दुकानात सुटे पार्ट जोडून केलेल्या मशीनचं झालं. माझा ब्रँडेड छोट्या डब्याचा डेस्कटॉप होता, त्यातला एसएमपीएस वेगळ्याच मापाचा, पिनाही वेगळ्या. पार्ट यायला तीन आठवडे. डेस्कटॉप घ्यायचाच तर साध्या मापाच्या कॅबिनेटचा घ्या, नाहीतर लॅपटॉपचे सगळे तोटे घरी येतील आणि फायदा एकही नाही.

दुसरं, ऑफिसातून निघालेले जुने आय-फाइव्ह डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, त्यांना भुलू नका. आतला इंटेलचा प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आठव्या पिढीपासून पुढचं बघा. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेची कामं त्यावर करायची म्हणजे दाराला कडी न लावता झोपण्यासारखं.

सोल्डरिंगवाला
मान्य, छोट्या डब्याचं मी सांगायला हवं होतं. मिनी पीसीचंही तसंच. मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने बसतो, दिसतो छान, पण आत बहुतेक लॅपटॉपचेच पार्ट.

पिंपळगावकर
म्हणजे शेवटी सगळे फिरून लॅपटॉपवरच आले.

टॅली_आणि_चहा
कुणीही आलेलं नाही दादा.

इंदिरानगरकर
सगळ्यांचे आभार. टॅली ताई, तुम्ही म्हणालात म्हणून घरी विचारलं. बायको म्हणाली, "सात वर्षांत पहिल्यांदा विचारलंस." नंबरपॅड आणि मोठा स्क्रीन, दोन्ही हवेत. वडील म्हणाले, मला मोबाईल पुरतो, फक्त कुणीतरी तो मोठ्या आवाजाचा स्पीकर जोडून द्या. मेव्हणा अजून लॅपटॉपवरच अडलाय, पण पैसे तो देत नाहीये.

असेम्बल्डचं कोटेशन आणलं: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, २४ इंची मॉनिटर, यूपीएस, सगळं मिळून ४३ हजार. नाशिकरोडचे काका म्हणाले ते डोक्यात राहिलं, म्हणून बेडरूम रद्द, मशीन हॉलमध्ये. काल रात्री टेप घेऊन मापं काढली. खिडकी आणि कपाटाच्या मधे सव्वातीन फूट जागा आहे, तीन फुटांचं टेबल बरोबर बसतं.

आरामखुर्ची_नाशिकरोड
कपाटाचं दार उघडून मोजलंत का?

इंदिरानगरकर
थांबा, बघून येतो.