जमीन सातबाऱ्यावर, पण खालचं पाणी कुणाचं?

मुरूमखडक
चर्चेसाठी एक टोकाची भूमिका मांडतो. विहिरी-बोअरच्या पाण्याचा वाटा एकरावर नको, माणशी हवा, आणि भूमिहीनालाही हवा.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये भूजल म्हणजे अथांग सागर नाही. वरच्या झिजलेल्या खडकात आणि भेगांत जे साठतं तेवढंच. या थरातून सुटणारं पाणी त्याच्या घनफळाच्या साधारण १ ते ३ टक्के. २ टक्के धरा. एका हेक्टरखाली १० मीटर जाडीचा थर पूर्ण भरलेला असला, तरी त्यातून निघतात २,००० घनमीटर. आता ३४ × ३४ × ४.७ मीटरचं, प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं घ्या. बाजूंचा उतार धरून त्यात सुमारे ४,००० घनमीटर, म्हणजे ४० लाख लिटर मावतं. बोअरवरून ते एकदा भरलं की दोन हेक्टरखालचा थर रिकामा. या दोन हेक्टरांत शेजाऱ्याचं रान आलं, गावाची नळयोजनेची विहीरही आली. पाणी जमिनीखाली होतं तोवर सगळ्यांचं. प्लॅस्टिकवर आलं की एकाचं.

छाटणी
आकडा बरोबर, निष्कर्ष घाईचा. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते. पुढच्या वर्षीची घडनिर्मिती एप्रिल-मेच्या फुटीवर ठरते, आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला जाते. त्या दोन महिन्यांत ठिबकला पाणी कमी पडलं तर नुकसान एका हंगामाचं होत नाही, दोन वर्षांचं होतं. डाळिंबाच्या आंबे बहाराची, म्हणजे उन्हाळ्यात वाढणाऱ्या फळांचीही तीच गत. शेततळं ही चैन नव्हे, विमा आहे. बागेवर कर्ज असतं आणि बाग दरवर्षी उपटून लावता येत नाही.

कालव्यावरच्या उसाला हेक्टरी २० हजार घनमीटरच्या आसपास पाणी मोकाट सोडलं जातं. ठिबकवरची द्राक्षबाग त्याच्या निम्म्यातही भागते. आधी तिथे बोला. कालवा सरकारी आहे म्हणून त्यातल्या पाण्याची नीती वेगळी होते का?

जालना जिल्ह्यातलं कडवंची बघा. आधी पाणलोटाचं काम झालं, मग द्राक्ष आली, शेततळी आली. गाव उभं राहिलं ते त्याच पाण्यावर.

ओढेकाठ
कडवंचीचं उदाहरण देताना क्रम विसरू नका: आधी माथा ते पायथा काम, मग उपसा. बहुतेक ठिकाणी दुसरी पायरीच आधी चढतात.

शेततळ्याची मूळ कल्पना वाहून जाणारं पाणी अडवण्याची. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’मध्येही तळ्याला आत येणारी आणि बाहेर जाणारी वाट अपेक्षित होती. पण खोदलेली माती चहूबाजूंनी बांध म्हणून चढवली, आत ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरला, की पावसाचं वाहतं पाणी तो बांध चढून आत येणार कसं? असं तळं फक्त पंपाने भरतं. आणि कागदामुळे त्यातला थेंबही परत मुरत नाही.

वर बाष्पीभवन. डिसेंबर ते मे रोज सरासरी ६ मिलिमीटर धरलं तरी सहा महिन्यांत १ मीटरहून जास्त थर उडतो. छाटणीपर्यंत तळं भरलेलं ठेवलं तर हजार घनमीटर, म्हणजे चौथा हिस्सा हवेत. जमिनीखाली होतं तेव्हा त्याला ऊन लागत नव्हतं.

छाटणी
जमिनीखाली ठेवलं तर शेजारी उपसतो, हे सांगायचं राहिलं. माझ्या संयमाचं बक्षीस पलीकडच्या बोअरला मिळणार असेल तर संयम कोण पाळेल? बाष्पीभवनाचा तोटा बागायतदारालाही कळतो. शेडनेटचं आच्छादन घालता येतं, पण ३४ मीटर रुंदीवर मधे तारा ओढून ताण धरला नाही तर पहिल्याच वावटळीत ते पाण्यात.

कलमदान
कायद्याचं चित्र असं. १८८२ च्या वहिवाट कायद्यात, कलम ७ खालच्या उदाहरणात, जमीनमालकाला आपल्या हद्दीत खालचं पाणी घेण्याची मुभा आहे. निश्चित प्रवाहात न वाहणारं सगळं पाणी. तिथून ‘जमीन माझी, पाणी माझं’ रुजलं. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरांत नवी विहीर घेण्यावर बंधन घातलं. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर म्हटलं आणि अधिसूचित क्षेत्रात तिला मनाई केली. तो लागू व्हायला २०१४ उजाडलं. कागद चांगला आहे. अडतं अंमलबजावणीत. बोअरची गाडी रात्रीतून ६० मीटर ओलांडते, आणि तक्रार करायची ती भावकीतल्याच माणसाविरुद्ध.

तत्त्वाचं म्हणाल तर महाडच्या चवदार तळ्याचा दावा आठवावा. १९२७ च्या सत्याग्रहानंतर सवर्ण वादींचं म्हणणं होतं की तळं वापरण्याचा हक्क आमचाच. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ते टिकलं नाही. उघड्या पाण्याबाबत जे अमान्य झालं, तेच झाकलेल्या पाण्याबाबत आपण विनातक्रार चालवून घेतो.

आकडेमोड
तत्त्वावर भांडण्याआधी ताळेबंद मांडू. एक कल्पित गाव: क्षेत्र ८०० हेक्टर, ४०० कुटुंबं, २,००० माणसं, १,५०० जनावरं. मेअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला विहिरींची पातळी मोजायची. फरक सरासरी ४ मीटर आला आणि थरातून सुटणारं पाणी २ टक्के धरलं, तर भरणा, म्हणजे पावसाळ्यात जमिनीखाली साठलेलं पाणी, ६,४०,००० घनमीटर. माणशी रोज ५५ लिटर धरून पिण्या-वापराला वर्षाला सुमारे ४०,०००. जनावरांना दिवसाला ५० लिटरने २७,०००. उरले ५,७३,०००, कुटुंबामागे १,४३० च्या आसपास. म्हणजे एक ४,००० घनमीटरचं शेततळं जवळपास तीन कुटुंबांचा वाटा गिळतं.

चुका कुठे होतात तेही सांगतो. पंप चालू असताना किंवा नुकताच बंद केल्यावर पातळी मोजली तर फरक खोटा येतो. २४ तास उपसा थांबवूनच मोजा. एकाच विहिरीवर भिस्त नको, माथा, मध्य आणि पायथा तिन्ही हवेत. आणि २ टक्क्यांऐवजी प्रत्यक्षात १ असेल तर सगळा ताळेबंद निम्मा.

ओढेकाठ
यात ओढ्याचा वाटाच नाही. दिवाळीनंतर ओढा वाहतो तो याच भरण्यातून पाझरणाऱ्या पाण्यावर. सगळं कुटुंबांत वाटलं तर ओढा नोव्हेंबरलाच कोरडा. खालचं गाव, काठची करंज-जांभळं, मासे, सगळेच हिशेबाबाहेर. माणूस केंद्रस्थानी ठेवणं मान्य, पण माणूस म्हणजे फक्त आपल्याच शिवारातला नव्हे.

मुरूमखडक
मान्य, चौथा हिस्सा ओढ्याला सोडू. माणशी वाटपाला आधार आहेच. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावातून सुरू केलेल्या पाणी पंचायतीत माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस बंद, असे नियम होते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे.

छाटणी
त्या उपसा योजना होत्या. एक पंप, एक चावी, पाणी सोडणारा एक पाटकरी. पाणी मोजून सोडता येत होतं. इथे शिवारभर शेकडो बोअर, प्रत्येकाची चावी ज्याच्या त्याच्या खिशात. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले ते ग्रामसभेच्या धाकावर आणि वर्षानुवर्षं टिकलेल्या नेतृत्वावर. दोन गट असलेल्या गावात तो नियम आठवडाभर टिकणार नाही.

मला मान्य होईल असं सांगतो. शेततळं ऑगस्ट ते ऑक्टोबर, ओढा वाहता असतानाच भरायचं. उथळ विहिरीतून किंवा ओढ्यातून, बोअरवरून नाही. डिसेंबरनंतर भरणं बंद. नव्या तळ्याच्या अनुदानाला भरण्याच्या पाइपवर मीटरची अट. लपवायला जागा कमी, कारण भरलेलं तळं कुणालाही दिसतं.

मुरूमखडक
पहिलं पाऊल म्हणून चालेल. पण यात भूमिहीन कुठे आला?

कलमदान
त्याचा वाटा रोखीने विकायची मुभा दिली तर दोन वर्षांत मोठे बागायतदार तो उचलतील. त्यापेक्षा वाटा नावावर, विक्री बंद, आणि फक्त वाट्याने देता यावा: पाणी त्याचं, जमीन तुमची, पीक ठरलेल्या हिश्शाने. नोंद ग्रामसभेत, दर हंगामाला नवी.

छाटणी
हंगामी पिकाला जमेल. द्राक्षबागेला बारा-पंधरा वर्षांची हमी लागते. दर हंगामाच्या करारावर कुणी मांडव उभारणार नाही.

मुरूमखडक
मग वाट्याच्या पाण्यावर ज्वारी-हरभरा घ्या, आणि बाग स्वतःच्या वाट्यात मावेल तेवढीच लावा.