मास्टरशेफवालं चॅनेल अमेरिकेच्या कंपनीने घेतलं, मग तिथल्याच मालकांना का नाही घेता आलं?

निफाडची_लेक
आमच्याकडे मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाचं अक्षरशः वेड आहे. आई दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर रेसिपी उतरवून घेते, एपिसोड पॉज करायला लावते. परवा भाऊ म्हणाला की हा प्रोग्रॅम ज्या चॅनेलचा आहे ते नेटवर्क टेन २०१७ मध्ये बुडालं होतं आणि अमेरिकेच्या सीबीएसने विकत घेतलं. मी वाचायला बसले तर अजूनच गोंधळ. लॅकलन मरडॉक आणि ब्रूस गॉर्डन हे दोघं आधीपासून टेनचे शेअरहोल्डर, त्यांना चॅनेल हवं होतं, पण मीडिया ओनरशिपचा कायदा आडवा आला म्हणे. म्हणजे त्याच देशात धंदा असलेल्यांना अडवायचं आणि बाहेरच्या कंपनीला दार उघडं, असा कसा कायदा? कुणी नीट समजावून सांगेल का, मला खरंच कळून घ्यायचंय.

यारा_काठचा
ताई, मी मेलबर्नला असतो, ते सगळं डोळ्यांसमोर झालं म्हणून जरा सविस्तर लिहितो. जून २०१७ मध्ये टेन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलं, म्हणजे कंपनी चालवायचे अधिकार डायरेक्टरांकडून काढून बाहेरच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे. संध्याकाळी पाचच्या बातम्या लावल्या तर त्याच चॅनेलवर त्याच चॅनेलची बातमी, मी चहाचा कप तसाच हातात धरून बघत होतो. आणि त्या आठवड्यातही मास्टरशेफ रोजच्यासारखं लागत होतंच.

झालं असं की टेनवर बँकेचं २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचं कर्ज होतं, त्याला मरडॉक, गॉर्डन आणि उद्योगपती जेम्स पॅकर हे तिघं जामीन होते. पुढच्या २५ कोटींच्या कर्जाला जामीन राहायला मरडॉक आणि गॉर्डननी नकार दिला आणि तिथेच खेळ संपला. त्याआधीच्या सहामाहीचा तोटा २३ कोटी २० लाख डॉलर होता. जाहिराती गूगल-फेसबुककडे चाललेल्या आणि अमेरिकन मालिका घ्यायचे जुने करार इतके महागडे की कमाईतून ते निघेचनात.

आता कायदा. १९८७ च्या कायद्यामागचं, तेव्हाचे अर्थमंत्री पॉल कीटिंग यांनी मांडलेलं तत्त्व असं की तुम्ही छापील पेपरचे राजपुत्र व्हा नाहीतर पडद्याच्या राण्या, दोन्ही नाही. २००७ पासून ते ढिलं झालं आणि 'तीनपैकी दोन' असा नियम आला, म्हणजे एका भागात टीव्ही, रेडिओ आणि पेपर यातली दोनच माध्यमं एका माणसाच्या ताब्यात ठेवता येतील. लॅकलनचं घराणं न्यूज कॉर्पच्या पेपरांचं, वर नोव्हा रेडिओ त्याचाच, त्यात टेन घेतलं की तिन्ही झाली. गॉर्डनची अडचण निराळी. त्याचं विन हे छोट्या शहरांतलं नेटवर्क, आणि एका मालकाची टीव्ही चॅनेलं ७५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्येपर्यंत पोचता कामा नयेत असा दुसरा नियम होता, विन आणि टेन एकत्र केलं की तो आकडा ओलांडला जायचा.

आणि परदेशी मालकीवरची खास मर्यादा २००७ मध्येच उठली होती. सीबीएसचा तिथे ना पेपर ना रेडिओ, त्यामुळे त्यांना फक्त परदेशी गुंतवणुकीची नेहमीची मंजुरी लागली. कायद्याचा प्रश्न मालक कुठला हा नव्हताच, त्याच गावात अजून काय काय त्याच्या हातात आहे हा होता. मला तरी तो प्रश्न योग्य वाटतो.

खतावणी
वरचं सगळं बरोबर, पण खरी गोष्ट माझ्या मते कायद्यात नाही, उधारीत आहे. मी अकाउंट्सवाला म्हणून तिकडेच लक्ष जातं. सीबीएस हा टेनचा मोठा क्रेडिटर होता, मालिकांच्या करारांपोटी त्यांनी ८० कोटी डॉलरहून जास्त दावा लावला होता. ज्यांचे पैसे अडकलेत ते मतदान करून ठरवणार चॅनेल कुणाला द्यायचं, आणि त्या मतदारांत सगळ्यात जड पारडं खुद्द खरेदीदाराचं! विनने कोर्टात हेच मांडलं, पण न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टात ते हरले. १९ सप्टेंबर २०१७ ला क्रेडिटरांनी सीबीएसच्या बाजूने कौल दिला. बँकेचे आणि कर्मचाऱ्यांचे पैसे पूर्ण मिळाले, शेअरहोल्डरांना शून्य. नोव्हेंबरमध्ये कोर्टाच्या परवानगीने सगळे शेअर सीबीएसच्या नावावर गेले.

आपल्याकडच्या दिवाळखोरी कायद्यात असं झालंच नसतं. २०१६ च्या आपल्या कायद्यात क्रेडिटरांच्या समितीत मत मुख्यतः बँका आणि कर्ज देणाऱ्यांना असतं, माल किंवा सेवा पुरवणाऱ्याला नसतं. सीबीएस तर मालिका पुरवणारा, म्हणजे इथे तो बाहेर बसून निकालाची वाट बघत राहिला असता. त्यामुळे तुमच्या भावाला सांगा, तिथे कायदा आडवा आला हे अर्धंच खरं.

निफाडची_लेक
बापरे, हे क्रेडिटरवालं मला कुठेच मिळालं नव्हतं. दोघांचे मनापासून आभार. पण मग तो तीनपैकी दोनचा नियम अजून आहे का तिथे?

यारा_काठचा
नाही ना, आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट तीच आहे. टेन बुडतंय, नियम काढा नाहीतर चॅनेलं मरतील, असं सांगत सरकारने ७५ टक्केवाला आणि तीनपैकी दोनवाला, दोन्ही नियम रद्द करायचं बिल सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, १४ सप्टेंबर २०१७ ला पास करून घेतलं. तारखा बघा, क्रेडिटरांच्या मतदानाच्या फक्त पाच दिवस आधी आणि सीबीएसचा सौदा तर ऑगस्टच्या शेवटीच जाहीर झालेला. ज्या टेनचं नाव पुढे केलं त्याला या बदलाचा काडीचा उपयोग झाला नाही.

उपयोग कुणाला झाला? पुढच्याच वर्षी नाइन या टीव्ही कंपनीने फेअरफॅक्स ही पेपरांची कंपनी गिळली. सिडनी मॉर्निंग हेरल्ड १८३१ पासूनचा पेपर, मेलबर्नचा द एज, आणि सोबत रेडिओ स्टेशनंही आली. टीव्ही, पेपर, रेडिओ, तिन्ही एका छपराखाली! आमच्या घरी एज यायचा, बायको सकाळी आधी पत्रव्यवहाराचं पान वाचायची. पेपर चालू आहे, चांगले पत्रकार आहेत, पण जो पेपर टीव्हीवाल्यांची उलटतपासणी करायचा तो आता त्यांच्याच घरचा आहे. याची मला खरंच काळजी वाटते.

कंदील
इकडे तर तीनपैकी दोन असा नियम कधी आलाच नाही. आपल्याकडे सरकारचं लक्ष परदेशी पैशावर, बातम्यांच्या चॅनेलमध्ये ४९ टक्क्यांपर्यंतच. एका घराण्याकडे पेपर, चॅनेल, एफएम सगळं असलं तरी चालतं, टाइम्स समूहाने तिन्ही चालवली. ट्राय या नियामक संस्थेने २०१४ मध्ये यावर मर्यादा घाला म्हणून शिफारशी केल्या, त्यावर कायदा काही झाला नाही. २०२२ मध्ये एनडीटीव्ही अदानींकडे गेलं तेव्हा टीव्हीवर महिनाभर चर्चा झाली ती शेअर आणि जुन्या कर्जाची, प्रेक्षकाला किती वेगवेगळ्या मालकांकडून बातमी मिळते याची चर्चा मी तरी ऐकली नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

खतावणी
+१. पण एक सांगा यारा_काठचा, सीबीएसकडे जाऊन टेनचं भलं झालं का?

यारा_काठचा
चॅनेल जगलं, नोकऱ्या लगेच गेल्या नाहीत, मास्टरशेफ चालू राहिलं. पण मालक लांबचा असला की काटकसर कुठे होते ते २०२० मध्ये दिसलं. पर्थ आणि ब्रिस्बेनच्या बातम्या सिडनीतून आणि अ‍ॅडलेडच्या मेलबर्नमधून वाचायचं ठरलं, बरीच माणसं गेली. सिडनी ते पर्थ तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे, म्हणजे पर्थकरांना त्यांच्याच गल्लीतली आग देशाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस वाचून दाखवणार. मालकीच्या कुठल्याच नियमात याबद्दल एक ओळ नव्हती.